मेंढीची नऊ हृदयं

१

"बाई, मेंढीचं हृदय नाहीसं झालंय," साहेब फोनवर म्हणाले.

शुक्रवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि मी कुंडीतली माती उकरत बसले होते. दोन वर्षं झाली निवृत्त होऊन. त्याआधी सव्वीस वर्षं त्यांच्या संस्थेत घासली. तिथे मला मागून 'फौजदारीणबाई' म्हणत आणि मला ते ठाऊक होतं.

"कुठल्या मेंढीचं?" मी विचारलं.

"आपल्या. डेटाबेसमधल्या. तुम्ही ताबडतोब या."

आमचा डेटाबेस म्हणजे काय, ते आधी सांगते. कुठलाही जीन प्राण्याच्या सगळ्या अवयवांत असतो, पण प्रत्येक अवयवात जागा नसतो. यकृतात ओरडेल, मेंदूत ढाराढूर झोपेल. कुठे जागा आणि कुठे झोपलेला, ते आमच्याकडे एक्केचाळीस प्राण्यांसाठी मांडून ठेवलंय. माणूस, उंदीर, कोंबडी, मासा, मेंढी, सगळे एका पानावर, शेजारी शेजारी. निरोगी प्राण्याचाच नमुना घ्यायचा, आणि प्रत्येक नमुना माणसाने वाचून तपासायचा, हा आमचा धर्म.

मी पोहोचले तेव्हा साहेबांनी एक छापील पत्र पुढे सरकवलं. पत्र एका डॉक्टरांचं होतं. मुलांचे स्नायू हळूहळू विरत जातात असा एक आजार आहे. आमच्याकडे ज्याला लाडाने 'घुम्या' म्हणतात तो जीन या मुलांच्या हातापायांच्या स्नायूंत माजतो आणि स्नायू खातो. घुम्याला गप्प करणारं एक इंजेक्शन तयार झालं होतं. सोमवारी सकाळी अकरा मुलांना ते पहिल्यांदाच टोचायचं होतं.

पुढे डॉक्टरांनी लिहिलं होतं : 'महिन्यापूर्वी तुमच्या पानावर मेंढीच्या हृदयाच्या नऊही नमुन्यांत हा जीन जोरात जागा दिसत होता. काल तोच रकाना रिकामा आहे. घुम्या हृदयालाही लागत असेल, तर त्याला गप्प करून आम्ही या मुलांची हृदयं बंद पाडू. कोणतं पान खरं? आज पाचपर्यंत कळवा. त्यानंतर मला थांबता येणार नाही.'

"एकदा टोचलं की परत काढता येतं का हो ते औषध?" मी विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले.

२

साहेब माणूस वाईट नाही, पण नाकापेक्षा मोती, माणसापेक्षा नाव जड झालेलं आहे. गेल्याच वर्षी त्यांनी मोठा लेख लिहिला होता. घुम्या फक्त हातापायांच्या स्नायूंत जागा असतो, हृदयात कधीच नाही, असा. सभागृहात टाळ्या पडल्या होत्या.

"मग मेंढीचे नऊ नमुने तुमच्या लेखात कुठे गेले?" मी विचारलं.

"लेखानंतर आले ते. आणि नऊ म्हणजे काय हो? चाळीस प्राणी एक सांगतात आणि एक मेंढी वेगळं बोलते. चुकली असेल मेंढी."

"शितावरून भाताची परीक्षा करतात, साहेब."

"करतात ना. पण शीत दाखवा की आधी!" ते चिडून म्हणाले. "आणि दाखवता येत नसेल, तर मी डॉक्टरांना कळवतो की नमुने सदोष होते, म्हणून काढले."

"कोणी काढले?"

त्यावर ते खिडकीबाहेर बघायला लागले.

तिथून मी तळघरात, संगणक सांभाळणाऱ्याकडे गेले. काम करताना सतत गुणगुणतो म्हणून त्याला सगळे भुंगा म्हणतात. आज गुणगुण बंद होती. डेटाबेसची नवी आवृत्ती त्यानेच आठवड्यापूर्वी चढवली होती, आणि संस्थेत नमुना कायमचा पुसण्याचा अधिकार फक्त त्याला होता.

"बाई, आईशप्पथ मी काही पुसलं नाही," मी बसायच्या आधीच तो म्हणाला. "सगळे माझ्याकडेच बघतायत. घरी बायकोसुद्धा विचारते, काय केलंस म्हणून."

"नमुना बाद करायचा तर दोघांचा शिक्का लागतो. एकाने कारण लिहायचं, दुसऱ्याने वाचून मान्य करायचं. मेंढीचं असं काही बाद झालंय?"

"एकही नाही. आणि खरी गंमत तर पुढेच आहे. मेंढीचे एकूण नमुने आधीही दोनशे बारा होते, आजही दोनशे बाराच आहेत."

"मग नऊ गेले कुठे?"

"तेच म्हणतो मी," भुंगा रडकुंडीला येऊन म्हणाला. "गेलेलेच नाहीत!"

३

नमुने देणारा पशुवैद्य रस्त्यापलीकडच्या इमारतीत बसतो. संस्थेशी त्याचं वाजलं होतं, कारण डेटाबेसच्या पानावर त्याचं नाव छापायचं राहून गेलं होतं. 'माझे नमुने मी काढून घेईन,' असं त्याने भर बैठकीत दोनदा बजावलं होतं. म्हणून त्याच्याकडे मी जरा आशेनेच गेले.

"काढायचेच असते तर ढोल वाजवून काढले असते," हात धुता धुता तो म्हणाला. "चोरून काढून माझं नाव कसं होणार?"

हे मला पटलं. असला माणूस लपूनछपून काही करत नाही.

"नमुने चांगले होते ना? भेसळ वगैरे?"

"फौजदारीणबाई, माझ्या हाताने घेतलेत. तीन आठवड्यांची कोकरं, नऊच्या नऊ ठणठणीत. अजून आईच्या दुधावरची. गवताला तोंडसुद्धा लावलं नव्हतं." त्याचा आवाज जरासा बसला. "कामच आहे ते. पण म्हणून कुणी म्हणावं की चुकीचे होते? त्या नऊ जिवांचा काही उपयोग तरी होऊ द्या."

मी नुसती मान हलवली. ऐकलं सगळं, पण माझं लक्ष होतं घड्याळाकडे. बारा वाजून गेले होते. सव्वीस वर्षांच्या अनुभवाचा मला फार ताठा, आणि तो त्याच क्षणी मोडायला हवा होता. मोडायला चार वाजले.

४

आता राहिली धाकटी. नमुने तपासणाऱ्यांत सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. आता तीही पस्तिशीची झाली. मीच तिला शिकवलं. मला मूलबाळ नाही. ती मला मावशी म्हणते, आणि तिची मुलगी, चिमणी, आजी म्हणते. पूर्वी शाळा सुटली की चिमणी दोन मजले धडाधड चढून यायची आणि माझ्या टेबलावरच्या पेन्सिली लांबवायची.

धाकटीची खोली आता दुसऱ्या मजल्यावर नव्हती. तळमजल्यावर, जिन्याखालच्या कोंदट खोलीत तिने स्वतःहून जागा मागून घेतली होती म्हणे.

"इथे का गं? खिडकीसुद्धा नाही."

"शांत असतं, मावशी." तिने खुर्चीवरची पिशवी उचलून मला जागा केली. पिशवी कलंडली आणि लहान मुलीचे बूट बाहेर पडले. टाचा नव्याकोऱ्या होत्या, पण चवडे मात्र झिजून पार भोकं पडलेली. तिने घाईने बूट आत कोंबले. "शिवायला द्यायचेत."

"चिमणी बऱ्याच दिवसांत दिसली नाही."

"अभ्यास असतो आता."

ती वाळली होती. डोळ्यांखाली काळं. मी म्हटलं, रात्री जागून काम करत असेल. आपल्या माणसावर संशय घ्यायचा नसला की कारणं आपोआप सुचतात.

"मेंढीची नऊ हृदयं. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, ते नमुने चुकीचेच होते," ती म्हणाली. "चाळीस प्राण्यांत घुम्या हृदयात गप्प आहे. माणसातसुद्धा. मेंढीत अचानक कसा बोलेल? मावशी, त्या अकरा मुलांकडे दुसरं काही नाहीये हो. औषध नाही, काही नाही. एका मेंढीपायी थांबवायचं?"

ती हे फारच भराभर बोलली. मी जायला उठले तेव्हा तिने माझा हात धरला.

"मावशी, तुम्ही परत कशाला आलात?" ती म्हणाली.

५

माझ्या जुन्या टेबलाच्या खणात मी दर आवृत्तीची छापील यादी ठेवत असे. ती सवय माझ्यामागे भुंग्याने चालवली होती. जुनी यादी डावीकडे आणि नवी उजवीकडे ठेवून मी मेंढीचे अवयव एक एक करून मोजायला लागले. यकृत तेवढंच. मेंदू तेवढाच. फुप्फुस तेवढंच. हृदयाचे नऊ होते, ते शून्य.

आणि रुमेन. मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला पहिला, गवत कुजवणारा मोठा कप्पा म्हणजे रुमेन. जुन्या यादीत चौदा, नव्या यादीत तेवीस.

चौदा आणि नऊ तेवीस.

मी ते जादाचे नऊ उघडले. केवळ हृदयाच्या स्नायूतच बनणारी प्रथिनं असतात. या पोटाच्या कप्प्यात त्यांचे जीन गर्जत होते. पोट काही धडधडत नाही. कोणीतरी नऊ हृदयं पोटात लपवली होती.

लपवणाऱ्याची अक्कल बघा. तुलनेच्या पानावर फक्त सगळ्या प्राण्यांकडे असणारे अवयव दिसतात. माणसाला रुमेन नाही, उंदराला नाही, कोंबडीला नाही. तो रकाना त्या पानावर कधीच येत नाही. आणि नमुना बाद करायला दोन शिक्के लागले, तरी अवयवाचं नाव 'दुरुस्त' करायला एकाच ज्येष्ठ माणसाची सही पुरते. लिहिणाऱ्याकडून चूक झाली तर पटकन सुधारता यावी, म्हणून हा नियम केला होता. केला होता मीच.

भुंग्याला बोलावून मी त्या दुरुस्तीची नोंद काढायला लावली. अठरा दिवसांपूर्वी, सकाळी अकरा वाजता. सही कोणाची, ते बघून भुंगा माझ्याकडे बघायला लागला आणि एक पाऊल मागे सरला.

सही माझी होती.

६

"तुमचं खातं बंद करायचं राहिलं," भुंगा पुटपुटला. "तुमच्या नावावरच्या जुन्या फायली होत्या ना…"

"आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं," मी म्हटलं. पण त्याला काय बोलणार? माझा पासवर्ड मीच खणाच्या आतल्या बाजूला चिकटवून गेले होते. मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होता.

पावणेचार वाजले होते. मी डोकं धरून बसले आणि एकेकाला त्या नऊ नमुन्यांसमोर उभं केलं.

भुंगा? त्याला लपवायची गरजच काय? पुसून टाकलं असतं आणि नोंदही उरली नसती. साहेब? त्यांनी जन्मात एक नमुना स्वतः तपासलेला नाही. रुमेन तुलनेच्या पानावर येत नाही, हे त्यांना स्वप्नातसुद्धा सुचणार नाही. पशुवैद्य? त्याने लपवलेच असते तर रुमेनमध्ये खास लपवले नसते. तीन आठवड्यांच्या दूधपित्या कोकराचा रुमेन नावालाच असतो, दूध थेट चौथ्या कप्प्यात जातं. तसल्या कोकरांच्या रुमेनचे एकदम नऊ नमुने, हे बघून कुठलाही पशुवैद्य हसला असता. म्हणजे लपवणाऱ्याला अवयवांची नावं तोंडपाठ होती, पण जनावराशी कधी गाठ पडलेली नव्हती.

शिवाय या माणसाने नमुने फेकले नव्हते. खोटं कारण लिहून बाद करायचाही प्रयत्न केला नव्हता. जपून ठेवले होते, उद्या परत जागेवर नेता येतील असे. 'निरोगी नमुना फेकायचा नाही, काय वाटेल ते झालं तरी,' हे वाक्य मी एकाच व्यक्तीच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं होतं.

आणि मग ते बूट. टाच न टेकता चवड्यांवर चालणारं पोर. जिना चढता येत नाही असं पोर. आई तळमजल्यावर खोली मागते, कारण शाळा सुटल्यावर चिमणीला दोन मजले उचलून आणणं आता तिला जमत नाही.

डॉक्टरांच्या पत्रातला अकराचा आकडा मी सकाळपासून दहा वेळा वाचला होता. त्यातली एक माझ्या पेन्सिली पळवणारी आहे, हे मला आत्ता कळत होतं. मी उठून जिना उतरायला लागले.

७

मी जिन्याखालच्या खोलीत गेले, दार लावलं. धाकटीने माझं तोंड बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वर्ष." ती रडली नाही. "आधी पडायची. मग जिना सुटला. आता चमचा पडतो हातातून. मावशी, ती विचारते, मी मोठी झाल्यावर बरी होणार ना? मोठी होईपर्यंत ती…"

"मला सांगितलं का नाहीस?"

"कुणालाच नाही सांगितलं. चिमणी त्या अकरांत आहे हे कळलं असतं, तर घुम्याच्या कामाला मला हात लावू दिला नसता. मला बघत राहायचं होतं. रोज बघायचे, कुठे काही अडचण निघते का. आणि निघाली ना. नऊ मेंढ्या!"

"आणि माझी सही?"

"तुमच्या नावावर कोण बोट ठेवणार?" ती खाली बघत म्हणाली. "सोमवार झाला की परत ठेवणार होते मी. देवाशप्पथ."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण रागावून बसायला वेळ नव्हता. सव्वाचार झाले होते.

"तू ते नमुने पूर्ण वाचलेस का?" मी विचारलं.

"वाचले की. घुम्या किती जोरात आहे ते—"

"घुम्या नव्हे. वय."

ती माझ्याकडे बघत राहिली. तुलनेच्या पानावर वयाचा रकाना मिटलेला असतो, मुद्दाम उघडावा लागतो. सहसा कोणी उघडत नाही. मीही सकाळपासून उघडला नव्हता. पशुवैद्याने 'कोकरं' म्हटलं होतं तेव्हा मी घड्याळ बघत होते. रुमेनचा विचार करता करता ते 'तीन आठवडे' परत आठवले.

मी तिच्या संगणकावर तो रकाना उघडला. हृदयाचे सगळे नमुने, सगळे प्राणी, एकाखाली एक. उंदीर पूर्ण वाढलेले. डुकरं पूर्ण वाढलेली. कोंबड्या, मांजरं, माकडं, सगळी पूर्ण वाढलेली. माणसांची हृदयं पन्नाशीच्या पुढची. चाळीस प्राण्यांत एकही पिल्लू नव्हतं.

"हे सगळे मोठे आहेत," मी म्हटलं. "वाढत्या वयाची हृदयं आपल्याकडे फक्त ही नऊच आहेत. मेंढी चुकलेली नाही, धाकटे. वाढ चालू असताना हृदयाला घुम्या लागत असेल. वाढ संपली की तो झोपत असेल. पक्कं मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही. पण सोमवारी ज्यांना टोचणार आहेत, ती मुलं आहेत."

तिने दोन्ही हातांनी टेबल धरलं. ती वयाचा रकाना वरून खाली वाचत गेली, मग खालून वर. नमुना तपासायचा तर दोनदा, उलटसुलट वाचायचा, हे मीच तिला शिकवलं होतं.

"मी तिला मारलं असतं," ती म्हणाली. "सोमवारी मी स्वतः तिचा हात धरून बसणार होते."

मी तिला जवळ घेतलं. पण घड्याळ काही थांबत नव्हतं. थोड्या वेळाने तिने मला बाजूला सारलं, डोळे पुसले आणि स्वतःच्या खात्यात शिरली. स्वतःच्या.

"तुझी सही चालत नाही. ज्येष्ठांचीच लागते."

"मग भुंग्याला सांगा, चालवून दे म्हणावं. तुमच्या नावाने आता काही नाही करायचं."

भुंग्याने ते पाच मिनिटांत करून दिलं. तिने नऊही नमुने एक एक करून हृदयात परत नेले. प्रत्येकापुढे कारणाच्या जागी लिहिलं : 'मी मुद्दाम लपवले होते. नमुने योग्य आहेत. वय पाहावे.' खाली पूर्ण नाव. साहेब दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या लेखाचं काय होणार ते त्यांनाही कळलं असावं. डॉक्टरांना पत्र मी लिहिलं. चार वाजून एकावन्न मिनिटांनी ते गेलं.

सव्वापाचला उत्तर आलं. 'आभार. सोमवारचं रद्द करतो. अकरा घरांना मीच फोन करतो.'

साहेब आणि भुंगा निघून गेले होते. खोलीत आम्ही दोघीच. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं की त्या अकरांतली एक आई इथे बसली आहे. ते यादीच्या क्रमाने चालले असणार. अर्धा तास काहीच झालं नाही. मग टेबलावरचा तिचा मोबाइल वाजला.

तिने माझ्याकडे बघितलं. "मी घेऊ?" मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि फोन कानाला लावला.

खोली इतकी लहान होती की पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. डॉक्टर फार सावकाश बोलत होते, प्रत्येक शब्द तोलून. एक नवीन माहिती हाती आली आहे. धोका आहे. पुन्हा कधी सुरू होईल ते सांगता येत नाही, वर्षं लागतील. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पलीकडे कोणीतरी पहिल्यांदाच ही बातमी ऐकतं आहे असं समजून ते तिला धीर देत होते.

"हो डॉक्टर," धाकटी म्हणाली. "हो. समजलं मला… नाही, नाही, तुमचा काय दोष. बरं झालं, वेळेवर कळलं."

तिने फोन ठेवला.

"चिमणीने आज सकाळी हॉस्पिटलची बॅग भरलीय," मग ती म्हणाली. "कपडे, खेळणी, सगळं स्वतः. मावशी, तुम्ही येता का घरी? मला एकटीने सांगता नाही यायचं."

मी चप्पल घातली.